डबी उलटी करून बघा

"लग्न कधी आहे?"

भवानी पेठेतल्या एका छोट्या लेडीज शॉपीत मी फक्त "गोरं व्हायची नाईट क्रीम आहे का?" एवढंच विचारलं होतं. त्यावर काउंटरमागच्या काकूंचा पहिला प्रश्न हा. लग्नबिग्न काही नाही म्हटल्यावर त्यांनी काचेच्या कपाटातून दोन डब्या काढून समोर ठेवल्या. "घेऊन बघ की. सगळ्या पोरी हीच नेतात. पंधरा दिवसांत फरक दिसतो बघ."

मी डबी उलटी केली. पहिल्या डबीवर कंपनीचं नाव होतं, पत्ता नव्हता. दुसरीवर परदेशी लिपीतला मजकूर आणि एका गोऱ्यापान बाईचा फोटो. आत काय काय घातलंय याची यादी दोन्हींवर नाही. बॅच नंबर नाही, कोणी आयात केली ते नाही. "काकू, यात काय असतं?" असं विचारलं, तर त्या हसल्या. "ते आपल्याला काय करायचंय? गुण येतो ना."

या दोन डब्यांत काही घातक होतं असा माझा दावा नाही. तपासल्याशिवाय ते मला सांगता येणार नाही, काकूंनाही नाही आणि ती क्रीम रोज रात्री लावणाऱ्या मुलीला तर नाहीच. आजचा सगळा विषय या न कळण्याभोवती फिरतो. कारण महाराष्ट्रातल्याच एका घराला या न कळण्याची किंमत किडनीने मोजावी लागली आहे.

अकोल्यात काय झालं?

२०२३ मध्ये अकोल्याच्या एका कुटुंबाची बातमी तुम्ही कदाचित वाचली असेल. कॉलेजात शिकणाऱ्या एका मुलीने ओळखीच्या ब्युटिशियनकडून एक क्रीम आणली. चेहरा उजळला, लोक कौतुक करायला लागले. ते बघून आई आणि बहीणही तीच क्रीम लावायला लागल्या. यात नवल काहीच नाही. तुमच्या-माझ्या घरातही शाम्पू, तेल, क्रीम अशीच एका फळीवर असते आणि सगळे वापरतात.

पुढे तिघींनाही किडनीचा त्रास सुरू झाला. डॉक्टरांनी निदान केलं ग्लोमेरुलोनेफ्रायटिसचं, म्हणजे किडनीतल्या रक्त गाळणाऱ्या बारीक जाळ्यांना सूज. एकाच घरातल्या तीन बायकांना एकाच सुमारास किडनीचा आजार का व्हावा, याचा शोध घेताना प्रकरण मुंबईच्या केईएम रुग्णालयापर्यंत गेलं. धागा त्या क्रीमपाशी येऊन थांबला. क्रीममध्ये पारा सापडला, आणि तोही कायद्याने चालतो त्याच्या कैक पट.

केरळमधल्या मलप्पुरम जिल्ह्यातही असंच घडत होतं. कोट्टक्कलच्या रुग्णालयातल्या डॉक्टरांनी जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळातल्या मेम्ब्रेनस नेफ्रोपॅथीच्या, म्हणजे किडनीची गाळणी बिघडून लघवीतून प्रथिनं वाहून जाणाऱ्या आजाराच्या, २२ रुग्णांचा अभ्यास केला. त्यातल्या १५ जणांमध्ये 'नेल-१' नावाच्या प्रथिनाशी जोडलेला एक दुर्मिळ प्रकार आढळला. या १५ पैकी १३ जणांनी त्वचा उजळवणारी क्रीम वापरत असल्याचं सांगितलं. हा अभ्यास पुढे 'किडनी इंटरनॅशनल' या जर्नलमध्ये आला. त्यातली दिलाशाची गोष्ट अशी, की क्रीम बंद केल्यावर बहुतेकांची तब्येत सुधारली. म्हणजे वेळेत कळलं तर परत फिरता येतं. मात्र कळण्यासाठी डॉक्टरने विचारावं लागतं आणि आपण सांगावं लागतं. लघवीच्या तक्रारीसाठी गेल्यावर 'मी तोंडाला अमुक क्रीम लावते' हे कोण सांगतं?

पारा करतो काय?

बारावीची बायोलॉजी आठवा. आपल्या त्वचेत मेलॅनोसाइट नावाच्या पेशी असतात. त्या मेलॅनिन हे रंगद्रव्य बनवतात आणि त्यासाठी त्यांना टायरोसिनेज हे एन्झाइम लागतं. या एन्झाइमचं काम तांब्याच्या अणूंवर चालतं. पाऱ्याचे क्षार तिथे घुसून एन्झाइमचं काम बंद पाडतात. मेलॅनिन कमी बनतं, त्वचा फिकी दिसायला लागते. म्हणून 'गुण येतो' हे काकूंचं म्हणणं खोटं नाही. गुण खरंच येतो. गोम तिथेच आहे.

कारण पारा चेहऱ्यावर थांबत नाही. तो त्वचेतून रक्तात जातो आणि रक्तातून किडनीत साठत राहतो. किडनीची गाळणी बिघडली की शरीराला हवी असलेली प्रथिनं लघवीतून वाहून जातात. लघवीला फेस येतो, सकाळी डोळ्यांखाली सूज दिसते, पाय सुजतात, थकवा येतो. यातलं काहीही आपण क्रीमशी जोडत नाही. 'जागरण झालं', 'परीक्षेचं टेन्शन', 'उन्हाळा किती आहे बघ ना', अशी कारणं आपल्याकडे तयारच असतात.

आणखी एक गोष्ट. पाऱ्याचा त्रास फक्त लावणाऱ्यालाच होतो असं नाही. २०१० मध्ये अमेरिकेत कॅलिफोर्निया आणि व्हर्जिनिया राज्यांत अशा क्रीम वापरणाऱ्या घरांची तपासणी झाली. ज्यांनी क्रीमला हातही लावला नव्हता, त्यांच्या शरीरातही पारा आढळला, आणि त्यात लहान मुलं होती. टॉवेल, उशीचा अभ्रा, हात, घरातली हवा अशा वाटांनी तो पसरतो. आपल्याकडे एका खोलीत चार जण झोपतात आणि एकच टॉवेल दोघं वापरतात. विचार करा.

आता थोडं गणित. कायद्यात मर्यादा सांगितली जाते ती 'पीपीएम'मध्ये, म्हणजे दहा लाख भागांत किती भाग. १ पीपीएम म्हणजे ३० ग्रॅमच्या डबीत ०.०३ मिलिग्रॅम पारा. हाच पारा मुद्दाम, रंग उजळावा म्हणून घातला आणि त्याचं प्रमाण समजा १ टक्का ठेवलं, तर त्याच डबीत ३०० मिलिग्रॅम पारा असेल. म्हणजे मर्यादेच्या १०,००० पट. चुकून मिसळलेला पारा आणि मुद्दाम घातलेला पारा यांत एवढं अंतर असतं.

पाऱ्याचे दोन सोबती

पारा एकटा नाही. 'गोरेपणा'च्या बाजारात आणखी दोन नावं वारंवार भेटतात आणि ती अगदी तुमच्या ओळखीच्या मेडिकलमध्ये भेटतात.

पहिलं हायड्रोक्विनोन. हेसुद्धा टायरोसिनेजलाच अडवतं. चेहऱ्यावरच्या वांगावर डॉक्टर ते ठरावीक प्रमाणात, ठरावीक काळासाठी देतात आणि तिथे ते उपयोगी औषध आहे. पण वर्षानुवर्षं मनाने चोपडत राहिलं, तर काहींच्या चेहऱ्यावर निळसर-काळे डाग उमटतात. या विकाराला ऑक्रोनॉसिस म्हणतात आणि ते डाग जाता जात नाहीत. गोरं व्हायला गेलेली व्यक्ती कायमची काळवंडते. दक्षिण आफ्रिकेतल्या डॉक्टरांनी हे १९७५ मध्येच नोंदवलं होतं. युरोपने पुढे सौंदर्यप्रसाधनांत त्वचा उजळवण्यासाठी हायड्रोक्विनोन वापरायला बंदी घातली. अमेरिकेत २०२० च्या कायद्यानंतर ते डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाही.

दुसरं नाव स्टेरॉइडचं. मोमेटासोन, बीटामेथासोन, क्लोबेटासोल ही नावं ट्यूबवर बारीक अक्षरांत असतात. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन यांचं मिश्रण असलेल्या ट्यूब तर आपल्याकडे 'स्किन क्रीम' म्हणून सर्रास मागितल्या जातात. सुरुवातीला चेहरा मस्त दिसतो. मग त्वचा पातळ होते, लाल होते, पिंपल्स येतात, नको तिथे केस वाढतात, उन्हात आग होते. क्रीम बंद केली की त्रास दुप्पट, म्हणून माणूस परत लावतो. हे व्यसनासारखंच चक्र आहे. देशातल्या त्वचारोगतज्ज्ञांचा १२ केंद्रांवरचा एक अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण, म्हणजे जवळपास १५ टक्के, चेहऱ्यावर स्टेरॉइड लावत होते. आणि त्यात फक्त मुली होत्या असं समजू नका. दाढीनंतर लावायची क्रीम म्हणून स्टेरॉइड वापरणारेही त्यात होते. तेव्हा मित्रांनो, हे पान बहिणीकडे सरकवू नका, पूर्ण वाचा.

कायदा आहे. मग?

आपण पटकन म्हणतो, 'सरकारने बंदी घालायला पाहिजे.' बंदी आहे. भारतात पारा घातलेली सौंदर्यप्रसाधनं बनवता येत नाहीत. २०२० च्या कॉस्मेटिक्स रुल्सनुसार, नकळत मिसळला गेला तरी तो १ पीपीएमच्या वर चालत नाही. डोळ्यांच्या प्रसाधनांसाठी मर्यादा थोडी वेगळी आहे, एवढंच. पाऱ्याबाबतच्या मिनामाटा करारावर भारताने २०१४ मध्ये सही केली आणि २०१८ मध्ये त्याला मान्यता दिली. हा करार करणाऱ्या देशांनी २०२३ च्या जिनिव्हा बैठकीत आणखी पुढे जाऊन ठरवलं, की १ पीपीएमची सूटही नको, २०२५ नंतर पारा घातलेली सौंदर्यप्रसाधनं बनवायची नाहीत आणि देशाबाहेर पाठवायची किंवा आतही आणायची नाहीत.

स्टेरॉइडचंही तसंच. मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारने त्वचेवर लावायच्या १४ स्टेरॉइड्सना डॉक्टरांच्या चिठ्ठीची सक्ती केली. आता तुमच्या गल्लीतल्या मेडिकलमध्ये जा आणि यातली एखादी ट्यूब मागा. चिठ्ठी मागतात का, ते स्वतःच बघा.

मग कायदा अडतो कुठे? मला वाटतं, तीन ठिकाणी.

एक, विकण्याला परवाना लागत नाही. औषध विकायचं तर मेडिकलला परवाना लागतो, फार्मासिस्ट लागतो. सौंदर्यप्रसाधनं बनवायला आणि आयात करायला परवाना किंवा नोंदणी लागते, पण विकायला नाही. जनरल स्टोअर्स, बांगड्यांचं दुकान, पार्लर, आठवडी बाजारातली चादर, इन्स्टाग्रामचा डीएम, कुठूनही विका. अन्न व औषध प्रशासनाच्या निरीक्षकाला नमुना घेण्याचा अधिकार आहे, पण कोणत्या दारात जाऊन घ्यायचा याची यादीच त्याच्याकडे नाही. सोलापुरात मेडिकल किती हे कागदावर सापडेल. नाईट क्रीम कुठे कुठे विकली जाते, हे कुठल्याच कागदावर नाही.

दोन, पारा डोळ्यांना दिसत नाही. भेसळीचं दूध निदान पातळ लागतं. पाऱ्याची क्रीम पांढरीशुभ्र, मऊ आणि सुवासिक असू शकते. तपासणी प्रयोगशाळेतच होते आणि त्यासाठी आधी कोणीतरी तक्रार करायला हवी. तक्रार कोण करणार? जिला गुण आलाय ती करत नाही. जिला त्रास झालाय तिला तो क्रीममुळे झाला हेच माहीत नसतं.

तीन, आपण बड्या ब्रँडवर चर्चा करतो आणि छोटी डबी सुटते. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने २०१४ मध्ये ३२ फेअरनेस क्रीम तपासल्या होत्या. १४ मध्ये पारा सापडला, पण प्रमाण ०.१० ते १.९७ पीपीएमच्या दरम्यान होतं. ते असायला नकोच होतं, पण हजारो पटींचा खेळ चालतो तो लेबल नसलेल्या, चोरवाटेने आलेल्या किंवा कुठेतरी मागच्या खोलीत भरलेल्या डब्यांमध्ये. जुलै २०२० मध्ये 'फेअर अँड लव्हली'चं 'ग्लो अँड लव्हली' झालं तेव्हा आपण सगळ्यांनी स्टोऱ्या टाकल्या. नाव बदललं ते चांगलंच झालं. पण पार्लरमधल्या बिननावाच्या डबीला बदलायला नावच नाही.

वर्ण : निमगोरा

इथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, 'लावतातच कशाला? अक्कल नाही का?' हे म्हणणं सोपं आहे आणि अन्यायाचंही आहे.

आपल्याकडच्या लग्नाच्या बायोडाटात शिक्षण आणि उंची यांच्या शेजारी एक रकाना असतो : वर्ण. त्यात गोरा, निमगोरा, गव्हाळ असे शब्द येतात. 'सावळा' लिहायची वेळ आली की घरातलं कोणीतरी म्हणतं, "गव्हाळ टाक गं, फोटोत तसंच दिसतं." निमगोरा हा शब्द तर खास आपला. अर्धं का होईना, गोरं असल्याचं सर्टिफिकेट. ही सगळी मंडळी त्याच जिल्ह्यात राहतात, जिथे पंढरपूर आहे. सावळ्या विठ्ठलापुढे रांगेत तासन्‌तास उभं राहायचं आणि घरी येऊन सुनेसाठी गोरी मुलगी शोधायची, यात आपल्याला काहीच विसंगत वाटत नाही.

भवानी पेठेत विडी वळणाऱ्या, टॉवेल-चादरीच्या कारखान्यात राबणाऱ्या घरांतल्या मुली पहिल्यांदाच कॉलेजात येतात. त्वचारोगतज्ज्ञाकडे जायचं तर फी, औषधं आणि बुडालेला दिवस, एवढा हिशेब आधी मांडावा लागतो. पार्लरवाली ताई ओळखीची, तिची डबी स्वस्त, वर ती उधारही देते. अशा वेळी मुलगी पार्लरकडे गेली तर तिला मूर्ख म्हणू नका. तिने तिच्या परिस्थितीत सर्वांत सोयीचा रस्ता निवडलाय. तो रस्ता सुरक्षित ठेवणं ज्यांचं काम होतं, त्यांनी ते केलं नाही. आणि हेही खरं, की पार्लरवाल्या ताईलाही आत काय आहे ते माहीत नसतं. ती स्वतः तीच क्रीम लावत असते. साखळीत सगळ्यांत वर बसून, आत काय घातलंय हे नेमकं माहीत असलेला माणूस मात्र काउंटरवर कधीच दिसत नाही.

म्हणून माझ्या मते 'बंदी घाला'पेक्षा नेमकी मागणी करायला हवी. सौंदर्यप्रसाधनं विकणाऱ्यांची आणि पार्लरची साधी का होईना नोंदणी असावी. लग्नसराईच्या आधी बाजारातून नमुने उचलावेत आणि निकाल नावानिशी जाहीर व्हावेत. क्रीम घेऊन आलेल्या सामान्य माणसाला ती तपासून मिळेल अशी सोय जिल्ह्याच्या ठिकाणी असावी. यासाठी नवा कायदा लागेल, पैसाही लागेल. पण डायलिसिसलाही पैसा लागतोच.

तोवर तुम्ही काय कराल?

डबी उलटी करा. भारतात बनलेल्या क्रीमवर उत्पादकाचं नाव, पूर्ण पत्ता, उत्पादन परवाना क्रमांक, बॅच नंबर, वापरायची शेवटची तारीख आणि घटकांची यादी असायला हवी. परदेशी असेल तर आयातदाराचं नाव-पत्ता आणि नोंदणी प्रमाणपत्राचा क्रमांक हवा. यातलं काही नसेल तर ती डबी परत ठेवा. ती तुम्हाला कितीही आग्रहाने दिली तरी.

यादीत मर्क्युरी, मर्क्युरिक, मर्क्युरस किंवा कॅलोमेल असा शब्द दिसला तर विषय संपला. आणखी एक खूण : 'सोनं, चांदी, अॅल्युमिनियमच्या वस्तूंना लागू देऊ नका' अशी सूचना. पारा या धातूंना खातो, हे आपल्याकडच्या कुठल्याही सोनाराला विचारा. जी क्रीम अंगठीला चालत नाही, ती गालाला कशी चालेल?

'आठ दिवसांत गोरं', 'बंद केली की परत काळं' ही जाहिरात समजू नका, हा इशारा आहे.

आधीच वापरत असाल तर घाबरू नका आणि लपवूही नका. पाऱ्याची शंका असेल तर लावणं थांबवा आणि डॉक्टरांकडे जा. डबी फेकू नका. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून सोबत न्या, पुरावा तोच आहे. लघवीची साधी तपासणी फार महाग नसते आणि त्यात प्रथिनं जातायत का ते कळतं. सरकारी रुग्णालयातही ती होते. स्टेरॉइडची ट्यूब बऱ्याच दिवसांपासून लावत असाल तर मात्र एकदम बंद न करता त्वचारोगतज्ज्ञाच्या सल्ल्याने थांबवा. वांग असेल, तर तो आजार आहे आणि त्यावर रीतसर उपचार आहेत. सिव्हिलच्या त्वचारोग विभागात दाखवायला लाजायचं कारण नाही.

तक्रार करायची तर महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाचा टोल फ्री नंबर १८००-२२२-३६५. ट्यूब औषधाची असेल आणि त्रास झाला असेल तर औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेणारी राष्ट्रीय हेल्पलाइन १८००-१८०-३०२४. एका तक्रारीने काय होणार, असं वाटेल. अकोल्यात क्रीमबद्दल कोणीतरी विचारलं म्हणूनच ती प्रयोगशाळेत पोचली.

त्या दिवशी निघताना मी काकूंना अकोल्याची गोष्ट सांगितली. त्यांनी दोन्ही डब्या परत कपाटात ठेवल्या. मग जरा थांबून त्यातली एक पुन्हा बाहेर काढली, चष्मा लावला आणि पहिल्यांदाच तिच्या तळावरचं वाचायला लागल्या. वाचण्यासारखं तिथे फार काही नव्हतंच.

"माझी पोरगी पण हीच लावते की गं," त्या म्हणाल्या.

तुमच्या फळीवर कोणती डबी आहे? आज घरी गेल्यावर बघा. आणि जी रोज रात्री ती लावते, तिलाही दाखवा.